एका फरशीचा वेग

'जरा घाई आहे' असं कुणी म्हटलं, की सुलोचनाअक्का त्याची मोटर उचलून रांगेत सगळ्यात मागं नेऊन ठेवायच्या. त्यानं पुन्हा म्हटलं, तर मोटर दुकानाबाहेर. हे मी ऐकीव सांगत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर गेलेली मोटर माझ्याच घरच्या मिक्सरची होती.

"घाई कुणाला हाय? मोटरीला हाय व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या आणि वळल्या. मी हायस्कुलात मास्तर आहे. साठ पोरांचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करतो असा माझा समज होता. त्या दिवशी मात्र मी मिक्सर पोटाशी धरून उद्यमनगरच्या रस्त्यावर तासभर उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोंना वाट देत राहिलो.

उद्यमनगरात दर चार पावलांवर लेथ, दर दहा पावलांवर वेल्डिंग. त्या गदारोळात अक्कांचा एका शटरचा गाळा होता. खाली शहाबादी फरशी, भिंतीला टेकून विहिरींवरच्या पंपाच्या मोटरी, फळीवर वार्निशच्या डब्यांशेजारी हातभर उंचीची बुद्धमूर्ती. काम एकच, मोटरी भरायचं. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची. अक्का तेव्हा साठीच्या पुढं होत्या. पातळावर पुरुषी सदरा, चष्म्याची मोडकी काडी तांब्याच्याच तारेनं बांधलेली, आणि बोलणं 'मी करतो, मी आलो' असं खास इथल्या बायकांचं.

तार गुंडाळताना त्या मोठ्यानं मोजायच्या. मध्ये कुणी हाक मारली तर थांबायच्या नाहीत, आवाज चढवायच्या. 'अक्का, माझी झाली का?' असं विचारलं की 'एकेचाळीस!' असं अंगावर यायचं. तरीही माणूस बोलतच राहिला आणि आकडा चुकला, तर अंदाजानं पुढं जाणं त्यांना ठाऊक नव्हतं. सगळी तार उसवायची आणि पुन्हा एकपासून सुरू. वेढे मोजणारं एक यंत्र कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारलं होतं. ते त्यांनी बिलांवर वजन म्हणून ठेवलं होतं.

नेसरीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या कोल्हापुरात आल्या. नवरा फौंड्रीत होता, तो लवकर गेला. पदरात एक मुलगी. याच दुकानात तेव्हाच्या मालकांनी त्यांना जळक्या मोटरी साफ करायला ठेवलं. शिकवलं कुणी नाही. वायंडर लोक तार भरताना पाठ करून बसायचे, बाईला दिसू नये म्हणून. अक्कांनी दुसरी वाट काढली. तार काढणं तर त्यांच्याकडंच होतं. जी मोटर उसवायच्या तिचे वेढे मोजायच्या, तारेची जाडी चिमटीत पाहायच्या आणि पाठ करायच्या. वर्षभरात दुकानातल्या कुणापेक्षाही जास्त मोटरी त्यांना तोंडपाठ होत्या.

एकदा वायंडर आला नाही आणि अक्कांनी मोटर भरली. शेतकरी न्यायला आला आणि कुणी भरली ते कळल्यावर बिथरला. "बाईनं भरलेली मोटर मी हिरीत सोडणार न्हाय," म्हणाला.

"मग तुमीच उतरा हिरीत," अक्का म्हणाल्या, "आन् ओंजळीनं पाणी वर फेका."

पुढं मालकांनी गाशा गुंडाळला आणि गाळा अक्कांना चालवायला दिला. पाटी रंगवायची वेळ आली, तेव्हा शेजारचा एक लेथवाला मोठ्या काळजीनं सांगायला आला. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं असणार. "अक्का, नुसतं 'सुलोचना वायंडिंग' लिवा. आडनाव कशाला? काई गिऱ्हाईकं बिचकत्यात."

अक्कांनी त्याला चहा पाजला. तो असतानाच पेंटरला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "नाव बारीक लिव. 'कांबळे' मोठं काढ. त्या पल्याडच्या चौकातनं वाचाय आलं पायजे." पाटी तशीच झाली. 'सुलोचना' कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं आणि 'कांबळे' शटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदोन गिऱ्हाईकं पाटी वाचून खरोखरच मागं फिरली. अक्कांनी त्यांना दुकानातूनच हाका मारल्या, "ओ पावणं, जावा की बिनघोर! पण मोटर परत जळली तर हिकडंच याचं हाय, रस्ता ध्यानात ठेवा." त्यातला एक आला, असं त्या सांगायच्या. त्याला त्यांनी रांगेत बसवलं, पण रांगेत जागा न्याय्य दिली, हेही सांगायच्या.

महापुराच्या वर्षी मी ती रांग पाहिली. पाणी ओसरल्यावर शिरोळ भागातून चिखलानं भरलेल्या मोटरी ट्रॉल्यांनी येऊ लागल्या. गाळा भरला, रस्ता भरला. प्रत्येकाला आपली आधी पाहिजे होती. जयसिंगपूरकडचे एक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ जीपमधून उतरले आणि म्हणाले, "अक्का, मला वळीखलं न्हाय वाटतं?"

"वळीखलं की. तुमची मोटर उसाची हाय. ही गावच्या नळाची हाय." अक्कांनी पायाशी पडलेली मोटर दाखवली. "ऊस पाणी प्यालाय लई. माणसं तानलीत." आणि मान खाली घालून मोजू लागल्या. गृहस्थ बराच वेळ तिष्ठत उभे होते.

मला हे सगळं लांबून बघायला मजा यायची. अक्का दुसऱ्यांना फाडून खातात तेव्हा मी हसून घ्यायचो. माझी पाळी पुन्हा आली ती माझ्या मुलीमुळं.

शर्वरी तेव्हा पाच वर्षांची होती. जन्माच्या वेळी थोडी गडबड झाली आणि तिच्या उजव्या हाताची बोटं मंद राहिली. मूठ मिटते, पण उघडायला वेळ लागतो. व्यायाम सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या वयात हात वापरता राहिला पाहिजे. तिनं तो वापरायचा सोडला तर आम्ही फार काही करू शकणार नाही." म्हणून आम्ही तिला चेंडू देत होतो, कणीक देत होतो, आणि ती कंटाळून डाव्या हातानंच सगळं उरकत होती.

तिच्या मामानं वाढदिवसाला रिमोटचा ट्रक आणला. लालभडक, मोठ्या चाकांचा, हातभर लांब. रिमोटला पिस्तुलासारखा खटका. खटका ओढला की ट्रक सुटायचा, सोडला की थांबायचा. खोक्यावर चौदा वर्षांच्या पुढच्यांसाठी असं लिहिलं होतं, ते मामानं वाचलं नव्हतं आणि मी वाचून गप्प बसलो होतो. पहिले दोन दिवस तो ट्रक मी आणि मामानंच चालवला. 'तुला दाखवतो हं' म्हणत दोन घोडे अंगणभर नाचले आणि जिचा वाढदिवस, ती पायरीवर बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी तिनं रिमोट मागून घेतला, तोही उजव्या हातात. खटका ओढला. ट्रक सुसाट सुटला. "सोड, सोड!" मी ओरडलो. ती सोडतच होती, पण बोटं उघडेपर्यंत ट्रक भिंतीवर आपटून, उलटा फिरून तिच्याच नडगीवर आला. रक्त आलं. मी ट्रक उचलला आणि कपाटावर ठेवून दिला. "मोठी झालीस की काढू," म्हणालो.

ती रडली नाही. "मला जमत न्हाय," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिचा उजवा हात फ्रॉकच्या खिशात गेला. जेवताना, लिहिताना, खेळताना खिशात. बाहेर काढ म्हटलं तर काढायची, आणि आपली पाठ वळली की पुन्हा आत. पंधरा दिवस हे चाललं. मला भीती वाटू लागली, खरीखुरी.

एका मोबाइलवाल्यानं ट्रकच्या वायरीत काहीतरी जोडून वेग कमी करून दिला. ते तापून वास यायला लागला आणि ट्रक साधा उंबरा चढेना, म्हणून काढून टाकलं. शेवटी मी ट्रक आणि शर्वरी, दोघांना घेऊन अक्कांकडं गेलो.

"खेळणी मी करत न्हाय," अक्का वर न बघता म्हणाल्या. मग वर पाहिलं. ट्रककडं नव्हे, खिशाकडं. "काय झालं गाडीला?"

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो, "पण फार..."

"तुमाला इचारलं न्हाय, मास्तर. जिची गाडी हाय ती सांगंल."

शर्वरीनं डाव्या हातानं ट्रककडं बोट केलं. "ती पळती," म्हणाली. "माझी बोटं लगीच उघडत न्हाईत. मला जमत न्हाय."

"आसं म्हनायचं न्हाय," अक्का म्हणाल्या. "ह्या गाडीला तुझ्यासाठी थांबाय जमत न्हाय, आसं म्हन."

मी मध्ये पडलो. ती मोठी झाली की चालवेल, नाहीतर तोवर एखादं लहान खेळणं घेऊ, असं काहीतरी शहाणपणाचं बोललो. अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला. तो सरकला की समोरच्यानं सावध व्हावं, हे मला ठाऊक होतं.

"मोठी हुईस्तवर काय करायचं तिनं? कपाटाकडं बघत बसायचं? लोखंडाचा एवढासा डबा बदलत न्हाय म्हनून पोरगी बदलाया निघालाय व्हय? साळंत बी आसंच करता की काय? हळू लिवनाऱ्याला कपाटावर ठेवता?"

अर्धवट राहिलेले पेपर काढून घेताना 'हात चालवा' म्हणणारा मीच होतो, आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या गाळ्यात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, मला माझी लाज वाटली.

अक्का शर्वरीसमोर खाली बसल्या. "मी माप घेतल्याबिगर तार भरत न्हाय. काढ हात भायेर." हात बाहेर आला. अक्कांनी त्यात रिमोट दिला. "ओढ खटका. आता सोड." आणि तार गुंडाळताना मोजतात त्याच लयीत मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार. चारला बोटं उघडली.

"परत."

पुन्हा चार. तिसऱ्यांदाही चार.

"चार व्हय. झालं की मग." त्यांनी खडूनं एका शहाबादी फरशीच्या दोन्ही कडांवर रेघ मारली. "मी चार म्हनस्तवर गाडी ह्या फरशीच्या भायेर गेली न्हाय पायजे. उंबरा बी चढाय पायजे. ही गाडी आता ह्या मापाची." रांगेतल्या एकानं आपल्या पंपाची आठवण करून दिली, तर त्याला म्हणाल्या, "हिची मोटर आधी. हिचा हात वाळतोय, तुझा ऊस न्हाय वाळत."

ट्रकमधून मोटर निघाली ती अंगठ्याएवढी. आयुष्यभर मांडीएवढ्या मोटरी भरलेली बाई घड्याळजीकडून भिंग उसनं आणून त्या टिचभर लोखंडावर वाकली. पत्र्याच्या कडा उचकटून आतला गाभा काढला. तीन दांड्या, त्यांवर तार. आधी उसवताना मोजली. मग म्हणाल्या, "जाड तार, थोडे वेढे. म्हनून उधळतीया. बारीक तार घालूया, वेढे दुप्पट. पळायची कमी हुईल, पर वढ सोडनार न्हाय."

दोन दांड्या झाल्या आणि तिसरी अर्ध्यावर असताना मी, शांतता सहन न होऊन, "अक्का, एवढी बारीक तार तुम्हाला दिसते तरी कशी?" असं विचारलं. आकडा चुकला. अक्कांनी कातर माझ्याकडं दिली. "उसवा." मी उसवली. तिन्ही दांड्यांवर वेढे सारखे नसले की मोटर थरथरते, म्हणून एक वेढाही इकडं-तिकडं चालत नाही, हे मला उसवता उसवता समजावण्यात आलं. ते समजावताना वापरलेले शब्द मी इथं लिहीत नाही.

पहिल्या वेळी ट्रक इतका हळू झाला की शर्वरीच म्हणाली, "अक्का, ह्यो चालतोय का झोपलाय?"

मला वाटलं, आता भडका उडणार. अक्का खूश झाल्या. पोटभर हसल्या. "गिऱ्हाइकाची तक्रार आली म्हनायची!" म्हणाल्या आणि स्वतः बसून पुन्हा सगळं उसवलं. तीन शनिवार ते काम चाललं. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी तिला स्कूटरवर बसवून घेऊन जायचो. तिसऱ्या शनिवारी ट्रक खडूच्या एका रेघेवर ठेवला. शर्वरीनं खटका ओढला, अक्का "सोड" म्हणाल्या आणि मोजू लागल्या. चारला बोटं उघडली आणि ट्रक दुसऱ्या रेघेच्या वीतभर अलीकडं उभा राहिला.

"ही बग," अक्का म्हणाल्या, "थांबाय शिकली का न्हाय गाडी?"

शर्वरीनं ट्रक पुन्हा पहिल्या रेघेवर नेऊन ठेवला. त्या दुपारी तिनं तो किती वेळा चालवला, कुणी मोजलं नाही. डावा हात मात्र तिनं रिमोटला लावला नाही.

मग तो ट्रक कामाला लागला. अक्का फुकट कुणाला बसू देणाऱ्या नव्हत्या. पाठीवर कधी स्क्रूंची पुडी, कधी कागदाच्या पट्ट्या, या फळीखालून त्या टेबलापर्यंत. "कांबळ्यांचा ट्रान्सपोर्ट" असं रांगेतले लोक म्हणायचे. ट्रक येताना दिसला की पाय बाजूला घ्यायचे. जो घ्यायचा नाही, त्याची मोटर मागं जायची.

मी अक्कांना शेवटचं पाहिलं तेही शनिवारीच. त्यानंतर आठच दिवसांत छातीत दुखल्याचं निमित्त होऊन त्या गेल्या. त्या शनिवारी मात्र ठणठणीत होत्या आणि कुणावर तरी ओरडतच होत्या. समोरच्या लेथवर एक बेअरिंग पाठवायचं होतं. अक्कांनी ते ट्रकवर ठेवलं, सुतळीनं बांधलं आणि शर्वरीला म्हणाल्या, "जा, रस्ता वलांडून दिऊन ये."

उद्यमनगरचा रस्ता, दुपारी बाराची वेळ. मी "अक्का!" म्हणून उठलो, तोवर त्या सदरा खाली ओढत स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या होत्या. एका बाजूनं कास्टिंग भरलेला टेम्पो आला, त्याच्यासमोर हात आडवा. दुसऱ्या बाजूला दोन मोटारसायकली आणि एक रिक्षा, त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. ती सगळी वाहनं तिथंच थांबली.

लाल ट्रक गाळ्याच्या उतारावरून खाली आला आणि सावकाश रस्त्यावर चढला. मागं शर्वरी, उजव्या हातात रिमोट. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"कुनाला वाजवतूस?" अक्का कडाडल्या. "म्होरं गाडी चाललीया दिसत न्हाय व्हय?"

आणि बरोबर रस्त्याच्या मध्यावर ट्रक थांबला. टेम्पोवाला खाली उतरला. रिक्षावाला "बंद पडलं की हो ते!" म्हणून हसला. मी ट्रक उचलायला धावलो. अक्कांनी माझं मनगट पकडलं. त्या हाताची पकड किती घट्ट होती, ते मला तेव्हा कळलं.

"हात लावू नगासा, मास्तर. बंद पडली न्हाय. तिनं थांबवलीया."

मी शर्वरीकडं पाहिलं. तिची पाचही बोटं खटक्यापासून सुटून सरळ झाली होती. बेअरिंग बांधलेली सुतळी एका बाजूनं सैल झाली होती. ती खाली बसली, सुतळी घट्ट केली, उठली, फ्रॉक झटकला. दोन्ही बाजूंना आता सात-आठ गाड्या उभ्या होत्या आणि सगळ्यांना घाई होती. अक्का हात आडवा धरून तशाच उभ्या होत्या. शर्वरीनं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि मग, तिच्या सवडीनं, खटका ओढला.